लेकीचा आवाज आणि आपला दुटप्पीपणा

‘रॅप म्हणजे पाश्चात्त्यांची थेरे!’ एवढे बोलून सुसंस्कृत घरे मोकळी होतात. हा प्रकार १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात जन्मला, हे खरेच. परंतु हार्मोनियमही युरोपातूनच आली आणि कीर्तनात रुळली. साधन कोठले, यापेक्षा त्यातून कोणता आशय प्रकटतो, हाच खरा प्रश्न आहे.

महादेव कोळी समाजातील मधुरा घाणे ही अभियंता तरुणी ‘माही जी’ या नावाने रॅप करते. ‘जंगलचा राजा’मध्ये ती आदिवासींचे जिणे मांडते, तर ‘हीटवेव्ह’मध्ये वाढत्या उष्म्याचा दाह. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील शेतमजूर स्त्रीला हा विषय परका वाटेल काय? तिच्या आजीनेही जात्यावरच्या ओवीत आपले दुःख असेच लयीत गुंफले होते.

मग संस्कृतीला बाधा येते ती कोठे? वरातीत स्त्रीदेहाची विटंबना करणारी गाणी कर्कश वाजतात, तेव्हा हीच घरे ठेका धरतात! मुलगी कष्टकऱ्यांची व्यथा गाऊ लागली, की मात्र मर्यादा आठवते.

याच वर्ध्यात १९३६ च्या विजयादशमीला लक्ष्मीबाई केळकर यांनी राष्ट्र सेविका समिती स्थापन केली. स्त्रीने उंबरठा ओलांडून संघटना उभारावी, हे तेव्हा सोपे नव्हते. तो वारसा सांगणाऱ्यांनी लेकीचे म्हणणे आधी ऐकावे. न पटल्यास ते युक्तिवादाने खोडावे, हेटाळणीने नव्हे!