वर्ग हसला तर काय बिघडलं?



जून महिन्यात लातूरच्या ट्युशन एरियात किंवा नांदेडच्या भाग्यनगरात चक्कर मारली की आपल्या भागाचं आजचं रूप समोर येतं. पिशव्या घेऊन गावाकडून आलेले आई-बाप, खोली शोधत फिरणारे मामा, मेसच्या पाट्या आणि ‘नीट’च्या निकालाचे इमारतीएवढे फलक. या गर्दीला आम्ही नावं ठेवणार नाही. यातला प्रत्येक जण काहीतरी गहाण ठेवून इथे आलेला असतो. मात्र या गर्दीत जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, अशा एका गोष्टीला आम्ही यंदाचा दिवाळी अंक दिला आहे: वर्गातल्या खोड्या आणि त्या शिक्षकांनी किती चालवून घ्याव्यात हा प्रश्न.

आधी या शहरांचं ऋण मान्य करू. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० साली सुरू झालं. डॉ. जनार्दन वाघमारे त्याचे संस्थापक प्राचार्य. पुढे १९९४ साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा त्याचे पहिले कुलगुरूही तेच. अशा महाविद्यालयांमधून ‘लातूर पॅटर्न’ घडला. पुन्हा पुन्हा सराव, चाचणीमागून चाचणी आणि चुकलेल्या उत्तराचा त्याच आठवड्यात समाचार. गुणवत्ता ही पुण्या-मुंबईची मक्तेदारी नाही, हे त्यातून उभ्या महाराष्ट्राला दिसलं. कोरडवाहू शेतकऱ्याचं लेकरू डॉक्टर झालं, त्यामागे शेकडो शिक्षकांचे कष्ट आहेत.

पण अकरावी-बारावीसाठी आखलेलं हे वेळापत्रक हळूहळू आठवी-नववीपर्यंत खाली उतरलं. पहाटे उठायचं, क्लास, शाळा, पुन्हा क्लास, मग अभ्यासिका. खोलीवर दंगा केला की घरमालक बोलतो. अभ्यासिकेत खुर्ची सरकली तरी माना वळतात. खेळायला मैदान नाही आणि असलं तरी वेळ नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराला बरोबरीची पोरं भेटतात ती फक्त वर्गात. मग त्याच्या अंगातली मस्ती तिथे बाहेर पडली तर नवल कसलं?

औसा किंवा मुखेड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत दिसेल असा एक प्रसंग पाहा. एप्रिलची दुपार. वीज गेल्यामुळे पंखा बंद. सर फळ्यावर अवयव पाडताहेत आणि तिसऱ्या बाकावरून कंपासपेटीवर हलगीचा ठेका सुरू होतो. आधी एक बोट, मग दोन, मग शेजारच्याचीही साथ. सर वळतात. ठेका थांबतो. सगळ्यांची नजर पुस्तकात, आणि एकाचे कान लालबुंद. आता सरांपुढे तीन वाटा आहेत. ‘कोण होतं ते?’ म्हणून चौकशी लावायची; कुणी नाव सांगत नाही, सगळा वर्ग उभा राहतो आणि तास संपतो. किंवा पोराला मुख्याध्यापकांकडे पाठवायचं; दुसऱ्या दिवशी त्याचा बाप रोजगार बुडवून शाळेत येतो आणि खाली मान घालून उभा राहतो. किंवा म्हणायचं, ‘ठेका चुकला रे, मधल्या सुट्टीत नीट वाजवून दाखव. आता हे उदाहरण बघ.’ वर्ग हसतो, सरही हसतात आणि अर्ध्या मिनिटात गाडी पुन्हा अवयवांवर येते. पहिल्या दोन वाटांनी सरांचा दरारा राखला जाईल. पण गणित फक्त तिसऱ्या वाटेवर पुढे सरकतं.

बहुतेक वेळा शिक्षा किती मोठी, हे खोडीवरून ठरतच नाही. आपला किती अपमान झाला असं शिक्षकाला वाटतं, त्यावरून ते ठरतं. म्हणून हात उगारण्याआधी स्वतःला एवढंच विचारावं: यात कुणाला लागलं का? कुणाचं शिकणं खरोखर अडलं का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर दुखावला आहे तो फक्त आपला मान. आणि मान असा दटावून परत मिळत नाही.

लोकमान्य टिळकांच्या शेंगांच्या टरफलांची गोष्ट दर १ ऑगस्टला आपल्या शाळाशाळांतून सांगितली जाते. शिक्षकांनी सांगूनही टरफलं उचलायला नकार देणाऱ्या त्या मुलासाठी आपण टाळ्या वाजवतो. २ ऑगस्टला तसंच उत्तर देणारं पोर आपल्या वर्गात निघालं, तर त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. नाहीतर त्या टाळ्यांना अर्थ उरत नाही.

आम्हांला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की खोडी काढणारं आणि प्रश्न विचारणारं पोर पुष्कळदा एकच असतं. सरांची लकब हुबेहूब उचलायला जी नजर लागते, तीच पुस्तकातली चूक हेरते. धाक घालून खोडीचा बंदोबस्त केला की प्रश्न विचारणारी नजरही मिटते. नांदेडला हे वेगळं सांगायला नको. विचारवंत नरहर कुरुंदकर हैदराबादला शिकायला गेले आणि इंटरला नापास झाले. पुढे नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत ते शिक्षक झाले, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. १० फेब्रुवारी १९८२ रोजी, पन्नाशी गाठण्याआधीच ते गेले, तोवर त्यांनी महाराष्ट्राला मतभेद मांडायला आणि ऐकायला शिकवलं होतं. मोठ्यांना उलट प्रश्न विचारण्याची ही सवय आपल्या गावचा वारसा आहे. तो चालवायचा, तर गप्प वर्ग उपयोगाचे नाहीत.

मात्र सहनशीलतेला सीमा हवी, आणि ती ठाम हवी. सगळा वर्ग हसतो आणि ज्याच्यावर हसतो तोही मनापासून हसतो, ती खोडी. एकाच लेकराला गाठून त्याच्या आडनावावरून, जातीवरून, रंगावरून, खेड्यातल्या बोलीवरून वर्ग हसतो, तो छळ. मुलीचा चोरून फोटो काढणं ही गंमत नाही. तिथे क्षणभरही कानाडोळा नको. सोसणारं लेकरू पुष्कळदा लाजेनं स्वतःही हसतं; ते हसू ओळखण्याचं कसब शिक्षकाकडे हवं. हीच सीमा शिक्षकांनाही लागू आहे. ‘मठ्ठ’ म्हणून मारलेला सरांचा टोमणा पोरांच्या चिडवण्यापेक्षा खोल रुततो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, ती उगाच नाही.

आणि हे सगळं एकट्या शिक्षकाच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या, पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही याची खात्री नसलेल्या तरुण शिक्षकानं वर्गाला हसू द्यावं तरी कसं? व्हरांड्यातून जाणाऱ्या संस्थाचालकाला तो हशा बेशिस्त वाटतो. जिल्हा परिषदेच्या गुरुजींच्या मागे सर्वेक्षणं आणि निवडणुकीची कामं. क्लासमधल्या सरांसमोर माइकशिवाय आवाज पोचणार नाही एवढी बॅच. सोळा वर्षांखालच्या मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, आठवड्याची सुट्टी द्यावी, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये काढल्या. त्या कागदावरून वर्गात उतरल्या, तर शिक्षकालाही श्वास घेता येईल. तोवर संस्थाचालकांनी एवढं करावं: शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग, हे माप सोडून द्यावं. आणि ‘सर, मारा पण शिकवा’ म्हणणाऱ्या पालकांनी त्यातला पहिला अर्धा भाग कायमचा विसरावा.

या अंकात शिक्षकांचे अनुभव आहेत, विद्यार्थ्यांनी मोकळेपणानं लिहिलेली पत्रं आहेत, शाळेच्या कथा, कविता आणि व्यंगचित्रं आहेत. काही शिक्षकांनी आमच्या म्हणण्याला कडक विरोधही केला आहे. तोही आम्ही एका शब्दाची काटछाट न करता छापला आहे. 

दिवाळीची सुट्टी संपली की दुसरं सत्र सुरू होईल, पाठोपाठ परीक्षा येतील आणि सगळ्यांचाच धीर आखूड होईल. नेमकं तेव्हाच लेकरांना हसण्याची जास्त गरज असते. गुरुजनहो, तेवढी मोकळीक त्यांना द्या. ती देणारे शिक्षक मुलं जन्मभर विसरत नाहीत.

आपणां सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा!

— संपादक