उकिरड्याची झाली बाग!

बालमित्रांनो, तुमच्या घराजवळ अशी एखादी बाग आहे का? फाटक गंजलेलं, घसरगुंडी मोडलेली, कोपऱ्यात कचऱ्याचे ढीग आणि पाऊस पडला की नुसता चिखल! "इथं आता काही व्हायचं नाही," असं म्हणत मोठी माणसं पुढे निघून जातात. तुम्हीही तसंच म्हणता? मग ही गोष्ट ऐकाच.

शीव-वांद्रे लिंक रोडवर, मिठी नदीच्या काठी, एके काळी मुंबईचा कचरा टाकला जायचा. अगदी डोंगराएवढा! पुढे तो टाकणं थांबलं, कचऱ्यावर माती पसरली गेली. १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी तिथं पहिलं झाड लावलं. तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. १९८७ साली ते गेले. ही बाग लोकांसाठी खुली झाली १९९४ मध्ये. म्हणजे ती पुरी झालेली त्यांनी पाहिलीच नाही! आज ३७ एकरांच्या या 'महाराष्ट्र निसर्ग उद्यानात' झाडांची गर्द सावली आहे, पक्षी आणि फुलपाखरं आहेत.

यातून कळतं काय? बाग फुलझाडांपासून नव्हे, मातीपासून सुरू होते. आणि माती टिकवणं सोपं नाही बरं का! मुंबईत वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीला कितीतरी जागा उतारावर आहेत. तिथं आणलेली माती पहिल्याच पावसात गटारात!

यावर आपल्या शेतकऱ्यांनी फार पूर्वीच उपाय शोधलाय. तो म्हणजे पायऱ्या. उताराला सपाट टप्पे पाडायचे आणि प्रत्येक टप्प्याच्या कडेला दगडांची ताल घालायची. जादाचं पाणी जायला वाट मात्र ठेवायची. कडेला वाळा लावला तर आणखी छान. त्याची मुळं खूप खोल जातात आणि माती धरून ठेवतात.

करून पाहा : दोन ताटांत मातीचे सारखे ढीग करा. एक गुळगुळीत ठेवा. दुसऱ्याला पायऱ्या पाडून कडेला खडे लावा. दोन्हींवर झारीनं हळूहळू सारखंच पाणी घाला. कुठल्या ताटात जास्त गाळ साचला? पाणी धावलं की मातीला पळवतं, चाललं की मुरतं!

पण एक लक्षात ठेवा. खरा उतार स्वतः खणायचा नाही हं! जुलै २००० मध्ये घाटकोपरला दरड कोसळून साठहून अधिक माणसं गेली. ते काम जाणकारांचं. तुमचं काम वेगळं आहे. पाऊस पडत असताना बागेतलं पाणी कुठून येतं, कुठे जातं, ते वहीत टिपा, नकाशा काढा. मग सगळ्यांनी सह्या करून तो वॉर्ड ऑफिसातल्या उद्यान खात्याला द्या.

मोठं झाड व्हायला वेळ लागतो. म्हणून तर सुरुवात लवकर करायची. काय, करणार ना?