दुखणें खरें, दोष मात्र सांपडत नाहीं

छाती धडधडते, पोटांत कळ येते, हातापायांतलें त्राण जातें. तपासणींत मात्र कांहींच निघत नाहीं. मग सुनेचें दुखणें कामचुकारपणाचें ठरतें आणि सासऱ्यांचें वयाचें! हा निकाल आम्हांस अन्यायाचा वाटतो.

सृष्टिशास्त्रज्ञ डार्विन याचें उदाहरण पाहावें. १८३१ सालीं 'बीगल' जहाज सुटण्याची वाट पाहत तो दोन महिने प्लिमथ बंदरांत अडकून पडला होता. आप्तांपासून दीर्घकाळ दूर जावयाचें या विचारानें तो खिन्न झाला. हृदय धडधडूं लागलें, छातींत दुखूं लागलें. आपणांस हृद्रोगच जडला अशी त्याची खात्री झाली. परंतु प्रवासास मनाई होईल या धास्तीनें त्यानें डॉक्टरांस विचारलेंच नाहीं. पुढें पांच वर्षांची सफर त्यानें पुरी केली.

यांत ढोंग कोठें आहे? भीतीच्या वेळीं ॲड्रिनॅलिन रक्तांत उतरतें, ठोके वाढतात, स्नायू आवळतात, पचन मंदावतें. चिंता नित्याची झाली म्हणजे हा ताण उतरत नाहीं. औदासीन्यांत झोंप मोडते व तेंच दुखणें अधिक बोचतें.

म्हणून डार्विनप्रमाणें दुखणें लपवूं नये. प्रथम देहाची तपासणी अवश्य करावी. ती निर्दोष निघाल्यास झोंप, भूक, काळजी यांविषयींही डॉक्टरांशीं मोकळेपणानें बोलावें. मानसोपचारांनीं अशीं दुखणीं पुष्कळदां हलकीं होतात. आणि 'कोठें दुखतें?' यापाठोपाठ 'मनाला काय लागलें आहे?' असें विचारणारें एक तरी माणूस प्रत्येक घरांत असावें.