सिद्ध खेळाडू घडवायचा कोणी?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील मॉरिसव्हिल या गावाच्या एका अंगाला डरहॅम, दुसऱ्या अंगाला रॅले. म्हणजे डरहॅमचे ड्यूक आणि रॅलेचे नॉर्थ कॅरोलायना स्टेट हे विद्यापीठांचे दोन्ही बास्केटबॉल संघ इथल्या घराघरांतल्या वादाचे विषय. ३१ मार्च २०२४ रोजी ते एकमेकांसमोर उभे ठाकले, तेव्हा स्टेटच्या डी. जे. बर्न्सने २९ गुण केले: बास्केटकडे पाठ, धिप्पाड देहाने बचावपटूला पाऊल-पाऊल मागे रेटणे आणि मग डाव्या हाताने अलगद सोडलेला चेंडू. कॉलेज बास्केटबॉलमधल्या सहाव्या वर्षाची ती सबुरी होती. स्टेटने सामना ७६-६४ असा जिंकला.

त्यावरून 'अनुभवच तारतो' असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे ठरेल. बर्न्ससारख्यांची खेळण्याची मुदत संपली आणि पुढच्याच हंगामात स्टेटच्या वाट्याला १२ विजय व १९ पराभव आले. प्रशिक्षकाचे पदही गेले. उलट ड्यूकने २०२५ मध्ये कूपर फ्लॅगसारख्या प्रथम वर्षाच्या मुलांवर भिस्त ठेवून राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चारांत धडक मारली, पण ह्यूस्टनविरुद्ध हाती आलेली आघाडी अखेरच्या मिनिटात निसटली. ह्यूस्टनला पुढे नेणारे दोन फ्री थ्रो ज'वान रॉबर्ट्सचे होते. तो ना विकत आणलेला तारा, ना नवखा, तर वर्षानुवर्षे त्याच तालमीत मुरलेला. त्या संघातही बाहेरून आलेले खेळाडू होते, हे खरे. पण बचावातली परस्परांची जाण मुरायला लागणारा काळ पैसे मोजून कमी करता येत नाही.

धोका नेमका रॉबर्ट्ससारख्यांच्या या मधल्या वर्गाला आहे. २०२१ पासून खेळाडूला एक हंगाम बाहेर न बसता संघ बदलता येतो, २०२४ पासून कितीही वेळा. २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट मोबदलाही देऊ शकतात. खेळाडूंना मिळालेले हे स्वातंत्र्य न्याय्यच आहे. परंतु घडवण्याचा खर्च एकाने सोसायचा आणि तयार खेळाडू दुसऱ्याने न्यायचा, अशी रचना झाली की आयत्या बिळावरचा नागोबा होणेच शहाणपणाचे ठरते. फ्लॅगइतकी असामान्य नसलेली अठरा वर्षांची मुले मग कोणालाच परवडत नाहीत. एकेका प्रशिक्षकाचा हिशेब चोख असतो. सगळ्यांनी तोच मांडला, तर काही वर्षांनी विकत घेण्याजोगे सिद्ध खेळाडू येणार कुठून, हा प्रश्न मात्र कोणाच्याच वहीत नसतो.