अडकले कुठे, ते आधी सांगा

दिवसअखेर खतावणी जुळली नाही की आमचे हेडक्लार्क हातातला चहा खाली ठेवून एकच प्रश्न विचारत, "फरक किती?" फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला तर ४५ चे ५४ झाले असण्याचा संभव. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर जमेची रक्कम नावे पडली असणार. चुकीचा पत्ता चुकीच्याच खिशात असतो, हे मी त्यांच्याकडून शिकलो. निवृत्तीनंतर त्यांची आठवण करून दिली ती घरातल्या एका अडेलतट्टू संगणकाने.

आमचे गाव शिरढोण. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे हे जन्मगाव. तेही पुण्यात लष्करी हिशेब खात्यात कारकून होते, याची आम्हा बँकवाल्यांना उगाचच आपुलकी वाटते. असो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय माझ्या जुन्या यंत्रात नाही. नातीला अभ्यासाला संगणक हवा होता. म्हटले, लिनक्स बसवू. माझ्या कादंबऱ्या आधी दुसऱ्या डिस्कवर उतरवल्या आणि शुभारंभ केला.

पट्टी निम्म्यापर्यंत सरकली आणि थिजली. माऊसचा बाण हलेना, कॅप्स लॉकचा दिवाही दाद देईना. "आबा, हा झोपला," नात म्हणाली. दुकानदाराने यंत्र न उघडताच निकाल दिला, "मदरबोर्ड गेला काका, नवीनच घ्या."

मला तो निकाल पटला नाही. पुन्हा करून पाहिले, तर गाडी त्याच ठिकाणी थांबली. दरवेळी एकाच जागी अडकत असेल तर पहिला संशय पेनड्राइव्हवर किंवा त्यातल्या फाइलवर घ्यावा. उतरवून घेतलेल्या फाइलचा ६४ अक्षरांचा ठसा काढता येतो. तो मूळ संकेतस्थळावर दिलेल्या ठशाशी जुळला पाहिजे. चेकवरची सही नमुन्याशी ताडून पाहण्यात उभा जन्म गेलेल्या माणसाने ही तपासणी विसरावी, याची लाज वाटली. आमचा ठसा जुळत नव्हता. फाइल नव्याने उतरवली, ठसा जुळला, आणि यंत्र पुन्हा अडकले. पण आता कधी तिसऱ्या मिनिटाला, कधी विसाव्या. जागा बदलत राहिली तर संशय मेमरीवर, नाहीतर तापण्यावर. खतावणीतही असेच होई, दोन चुका एकमेकींत मिसळल्या की माणूस हैराण.

पंख्यावरची धूळ झाडली, तरी फरक पडला नाही. मग मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवले. सकाळी पडद्यावर लाल ओळी! वीज काढून मेमरीच्या दोन्ही पट्ट्या बाहेर घेतल्या, त्यांची टोके नातीच्या खोडरबराने हलकेच पुसली आणि एकाच खाचेत एकेक पट्टी लावून तपासली. एक निर्दोष निघाली, दुसरीने पुन्हा लाल ओळी दाखवल्या. म्हणजे खाच ठीक होती, पट्टी वाईट होती.

माझे भांडण त्या पट्टीशी नाही. यंत्र अडकते तेव्हा ते काय करत होते, हे पडद्यामागे लिहिलेले असते. आपल्याला मात्र गोल फिरणारे चक्र दाखवतात. बऱ्याच लिनक्समध्ये एस्केप दाबले की चित्रामागच्या ओळी दिसतात, पण हे सांगतो कोण? सोपेपणाच्या नावाखाली माणसाला अडाणी ठेवणे मला मान्य नाही.

हे मी कोणत्या तोंडाने बोलावे, हाही प्रश्नच आहे. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर शाखांतून यंत्रे येऊ लागली, आणि पुढे "सिस्टिम हँग आहे, उद्या या" हे वाक्य मीच काउंटरवरून शेकडो वेळा उच्चारले. पेन्शन घ्यायला एस.टी.ने आलेली म्हातारी निमूट परत जाई. तार तुटली की सर्व्हर बसला, हे मलाही ठाऊक नसे; आणि खरे सांगायचे तर, विचारावेसेही वाटत नसे. उद्या तरी नक्की होईल का, हे तिने विचारले असते तर माझ्याकडे उत्तर नव्हते.

एका पट्टीवर त्याच संध्याकाळी लिनक्स बसले. थोडे सावकाश चालते, पण चालते. वाईट पट्टी नातीने कंपासपेटीत जपून ठेवली आहे. दुकानदाराला दाखवायला जायचे म्हणते.