संबोधनातील समुद्र

मराठी साहित्यातील समुद्राला ‘अथांग मनाचे प्रतीक’ ठरवून मोकळे होण्याची सवय आपल्या समीक्षेला, आणि तिच्याहून अधिक आपल्या प्रबंधांना, जडली आहे. या सवयीमुळे एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. सावरकरांच्या १९०९ मधील ब्रायटन येथील कवितेत समुद्र हा मायभूमीकडे परत नेण्याचा शब्द न पाळणारा सोबती आहे. ‘विशाखा’तील (१९४२) कुसुमाग्रजांचा कोलंबस त्याला प्रतिपक्ष मानून आव्हान देतो. एकीकडे गाऱ्हाणे, दुसरीकडे गर्व. पण दोन्हीकडे समुद्राशी बोलता येते.

मिलिंद बोकील यांच्या ‘समुद्र’ या कादंबरीत हा आधार उरत नाही. सुटीसाठी किनाऱ्यावर आलेल्या पतिपत्नींमध्ये तिच्या अन्य पुरुषाशी आलेल्या संबंधाचा विषय उघड होतो. समुद्र समोरच असतो. बोलायचे मात्र एकमेकांशी असते. येथील प्रेमचिंतन मला अधिक प्रौढ वाटते ते यामुळे. कादंबरीत संवाद असायचाच, हा आक्षेप अपुरा आहे. निसर्गाला साद घालून सुटणारी पात्रे आपल्या कादंबरीत थोडी नाहीत. ‘समुद्र कशाचे प्रतीक?’ असे विचारण्यापूर्वी संबोधन कोठे येते आणि कोठे गळते, एवढे तरी अभ्यासकाने पाहावे.