आसगावच्या मुलीने कोणता संगणक घ्यावा?

धानाची रोवणी आटोपत येते त्याच सुमारास अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या प्रवेशांची गडबड सुरू होते, आणि पवनी तालुक्यातील आसगावसारख्या गावांत आपल्या कार्यकर्त्यांपुढे एक प्रश्न हमखास येऊन उभा राहतो. "भाऊ, पोरीला सॉफ्टवेअरचे काम शिकायचे आहे. लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉप, आणि कोणता?" फेरफाराची नोंद, पीकविम्याचा दावा, धान खरेदी केंद्रावरचे वजनमाप यांवर आपले साथी तासन्‌तास बोलू शकतात. या प्रश्नावर मात्र "नागपूरला जाऊन दुकानदाराला विचारा" एवढे सांगून ते मोकळे होतात. हे उत्तर पुरेसे नाही असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. दुकानदार त्याच्याजवळ जे पडून आहे ते विकणार; तो त्याचा धंदाच आहे. परंतु श्रमिकाच्या अवजाराविषयी ज्या चळवळीला काही सांगता येत नाही, तिने श्रमिकाच्या मुक्तीविषयी कितीही सांगितले तरी ते कोण ऐकणार?

प्रथम या खरेदीचा खरा आकार ध्यानी घेऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण प्रतीच्या धानाचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये ठरला. पन्नास हजारांचा लॅपटॉप म्हणजे एकवीस क्विंटलांहून थोडे अधिक धान. एका एकराचे चांगले पीक, आणि तेही बियाणे, खत व रोवणीची मजुरी वजा न करता. त्या पन्नास हजारांत १८ टक्के दराने वस्तू व सेवा कराचे सुमारे ७,६२७ रुपये आहेत, म्हणजे तीन क्विंटलांहून अधिक धान केवळ करापोटी गेले. सोन्यावर हाच कर ३ टक्के आहे. शिवाय नोंदणीकृत कंपनी हाच लॅपटॉप आपल्या कामासाठी घेते तेव्हा भरलेला कर तिला स्वतःच्या देय करातून वळता करून घेता येतो आणि आयकरात घसाराही मिळतो. शेतकऱ्याच्या मुलीला यांपैकी काहीही मिळत नाही. अवजार एकच, पण भांडवलाच्या हाती ते स्वस्त पडते आणि श्रमाच्या हाती महाग.

यावर शासनाचे उत्तर काय? २०११ साली केंद्र सरकारने 'आकाश' टॅबलेट मोठ्या गाजावाजाने आणला. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेनेही प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या इतर मागासवर्गीय विद्यार्थ्यांना टॅबलेट दिले, आणि त्या मर्यादित हेतूसाठी ते योग्यच होते. तथापि टॅबलेटवर धडे पाहता येतात, प्रश्न सोडवता येतात. सॉफ्टवेअर घडवण्याचे काम त्यावर नेटाने करता येत नाही. पाहण्याचे साधन आणि घडवण्याचे साधन यांत जो भेद आहे तोच ग्राहक आणि उत्पादक यांत आहे. ग्रामीण मुलांना नेहमी पहिलेच का मिळते, हा प्रश्न आपण मोठ्याने विचारला पाहिजे. तामिळनाडूने २०११ पासून शासकीय व अनुदानित शाळांतील विद्यार्थ्यांना लॅपटॉप दिले, आणि त्यांत मुक्त प्रणालीही घालून दिली. त्या योजनेवर टीका करता येईल, पण दिले ते अवजार होते, हे नाकारता येणार नाही.

आता एक प्रश्न असा निघेल की, नोकरी लागल्यावर कंपनी लॅपटॉप देतेच, मग स्वतःचा कशाला? भंडारा-गोंदिया पट्ट्यातील वाचकांना याचे उत्तर विडीच्या धंद्यावरून चटकन उमगेल. तेंदूपान आणि तंबाखू ठेकेदाराचा, घर विडीवालीचे, दिवा विडीवालीचा. मजुरी मात्र हजारावर, आणि मोजणीच्या वेळी नापास ठरवून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. घरी बसून काम करणारी बाईही कामगारच आहे, हे मान्य व्हायला १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा यावा लागला. आज जी मुलगी घरी बसून परदेशी ग्राहकाचे संकेतस्थळ बांधून देते तिची स्थिती याहून फार निराळी आहे काय? जागा तिची, वीज तिची, संगणक तिचा, आणि फायव्हरसारखा मंच तिच्या कमाईतून २० टक्के कापून घेतो. उलट कंपनीचा लॅपटॉप स्वीकारला तर त्यावर कंपनीची देखरेख आणि कंपनीचे कुलूप येते. नोकरी गेली त्या दिवशी यंत्रही जाते. यास्तव स्वतःचे यंत्र असणे ही चैन नव्हे. नोकरी नसलेल्या महिन्यांतही शिकत राहण्याची आणि नको ते काम नाकारण्याची ती किमान शक्ती आहे. मोहाडी-पवनीकडील कोसा विणणाऱ्यांना ठाऊक आहे की माग आपला असला तरी सूत सावकाराचे असले तर काय होते. ते खरेच, पण मागही आपला नसला तर काय होते, हेही त्यांना ठाऊक आहे.

येथे थोडा इतिहास सांगणे अप्रस्तुत होणार नाही. आपल्या चळवळीने संगणकाकडे पुष्कळ काळ रोजगार खाणारे यंत्र म्हणून पाहिले. १९६० च्या दशकात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध दिलेला लढा जुन्या वाचकांना स्मरत असेल. त्या काळी आयबीएम कंपनी अन्यत्र जुनी झालेली १४०१ यंत्रे या देशात आणून, डागडुजी करून भारी भाड्याने देत असे. यंत्राची मालकी तिची आणि दुरुस्तीची विद्याही तिचीच. १९७७ साली जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना परकीय चलन नियमन कायद्याप्रमाणे भांडवलातील वाटा कमी करण्याचा आग्रह धरला गेला आणि १९७८ मध्ये कंपनी निघून गेली. मागे राहिलेली यंत्रे बंद पडली नाहीत. सीएमसी या सरकारी कंपनीतील भारतीय अभियंत्यांनी ती चालू ठेवली. जुने यंत्र वापरण्यात कमीपणा नव्हता. कमीपणा होता तो ते उघडण्याची मुभा नसण्यात.

याच विचाराचा आणखी जुना आणि आपल्या विदर्भाशी नाते सांगणारा दाखला आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. अटी अशा होत्या की यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, ते झोपडीत चालवता यावे, आठ तास काम करूनही बाईला फार शीण होऊ नये, ते वीस वर्षे टिकावे आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या ५ टक्क्यांवर जाऊ नये. गांधींच्या अर्थविचाराशी आपले मतभेद पुष्कळ आहेत, पण यंत्राची निवड कशी करावी हे त्या जाहिरातीने जितके नेमके सांगितले तितके आजच्या कोणत्याही लॅपटॉपच्या जाहिरातीत सापडणार नाही. वीस वर्षांची अट संगणकाला लावता येणार नाही, हे उघड आहे. सात-आठ वर्षांची लावता येईल.

या कसोटीने पाहिले असता लॅपटॉप की डेस्कटॉप हा वाद बराचसा सुटतो. त्याच पैशात डेस्कटॉप अधिक काम देतो, त्याचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येतो, आणि मोठा पडदा व वेगळा कळफलक मानेला व डोळ्यांना सोसतो. परंतु पावसाळ्यात वादळ झाले की खेड्यातली वीज केव्हा येईल याचा नेम नाही. डेस्कटॉपला जोडलेला साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटे, म्हणजे काम जतन करून यंत्र नीट बंद करण्यापुरता वेळ देतो. लॅपटॉपची बॅटरी चार-पाच तास काढते, आणि तो घरच्या लहान इन्व्हर्टरवरही चालतो. शिवाय शिकणारी मुलगी पवनी, भंडारा, नागपूर असे वसतिगृह आणि घर करीत फिरणार. तेव्हा एकट्या मुलीने स्वतःच्या पैशाने घ्यायचा तर लॅपटॉप, हे माझे मत आहे. तो टेबलावर वापरताना स्वस्त कळफलक जोडून पडदा उंचावर ठेवावा. पाठीची दुखणी हाही कामगारांच्या आरोग्याचाच विषय आहे.

मात्र नवा चकचकीत लॅपटॉप नव्हे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार थांबवला, आणि विंडोज ११ साठी घातलेल्या अटींत इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीची बहुतेक यंत्रे बसत नाहीत. यंत्रे धडधाकट, पण कागदोपत्री म्हातारी! कंपन्या ती मोडीत काढतात. याच यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली उत्तम चालते, सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतात, आणि पायथन, जावा, सी, पीएचपी, जावास्क्रिप्ट यांपैकी कोणत्याही भाषेतील काम त्यांवर शिकता व करता येते. जगातील बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालत असल्याने ती शिकणे हा निरुपाय नसून उद्याच्या नोकरीची तयारी आहे. थोडे अधिक पैसे असतील तर आठव्या पिढीचे, कार्यालयीन वापरासाठी बनवलेले यंत्र शोधावे. उदाहरणार्थ, २०१८ साली आलेल्या थिंकपॅड टी४८० मध्ये रॅमसाठी दोन मोकळ्या खाचा आहेत, आणि एक बॅटरी आत असल्याने यंत्र चालू ठेवूनच बाहेरची बॅटरी बदलता येते. ही काही त्या कंपनीची जाहिरात नव्हे. डेलच्या लॅटिट्यूड किंवा एचपीच्या एलिटबुक मालिकेतही उघडता येणारी यंत्रे मिळतात; नमुन्यागणिक तपासून घ्यावे.

पैसा कशावर घालावा? रॅम म्हणजे खळे आणि साठवण म्हणजे कोठी असे समजावे. खळे लहान असेल तर कोठी कितीही मोठी असून मळणी अडतेच. सॉफ्टवेअरच्या कामात एकाच वेळी संपादक, ब्राउझर, माहितीसंच आणि चाचणीचा सर्व्हर उघडे असतात. ८ जीबीत ते कसेबसे होते, १६ जीबीत सुखाने होते. अँड्रॉइडची ॲप बनवायची आणि त्यासाठी संगणकावरच नकली फोन चालवायचा तर १६ जीबी हीच किमान मर्यादा धरावी. साठवण जुन्या फिरत्या चकतीची असेल तर ती काढून एसएसडी घालावी. एवढ्या एका बदलाने थकलेले यंत्र तरतरीत होते. २०२५ च्या उत्तरार्धापासून स्मृतिचिप बनवणाऱ्या कंपन्यांनी आपले उत्पादन कृत्रिम बुद्धिमत्तेच्या महासर्व्हरांकडे वळवल्याने रॅमचे भाव भडकले आहेत. अमेरिकेतील माहितीकेंद्राची भूक आसगावच्या घरखर्चात कशी उतरते, याचे याहून ढळढळीत उदाहरण अभ्यासवर्गात देता येणार नाही. म्हणूनच रॅम मूळ फळीलाच झाळून टाकलेली पातळ यंत्रे टाळावीत. आज ८ जीबीवर भागवून भाव उतरल्यावर दुसरी खाच भरता येईल, असेच यंत्र घ्यावे. खेळांसाठीच्या ग्राफिक्स कार्डावर शिकाऊ मुलीने एक पैसाही घालू नये. ॲपलच्या यंत्रांचे वेड शहरातून येते. आयफोनची ॲप करायची असतील तरच ते अपरिहार्य आहे, एरवी नाही.

जुने यंत्र घेताना फसगत होते, हे मान्य. त्यासाठी कार्यकर्त्याने बरोबर जावे, बैल घेताना दात पाहणारा जाणता माणूस बरोबर नेतात तसे. बॅटरीची शिल्लक क्षमता पाहावी, प्रत्येक कळ दाबून पाहावी, पडदा पांढरा करून डाग पाहावेत, यंत्र अर्धा तास चालवून तापते किती ते पाहावे, आत कंपनीचे कुलूप राहिलेले नाही याची खात्री करावी आणि पावती घ्यावी. हप्त्यावर घेण्यापूर्वी हप्ते आणि प्रक्रिया शुल्क यांची बेरीज करून ती रोखीच्या किमतीशेजारी मांडावी. बिनव्याजी म्हणून दिलेल्या हप्त्यांत व्याज कोठे दडले आहे ते बहुधा त्या बेरजेत दिसते.

परंतु एकेका घराने एकवीस क्विंटल विकून एकेक यंत्र घ्यावे, हाच मार्ग आहे काय? नाही. डेस्कटॉपची खरी जागा येथे आहे. गावातील वाचनालयाची किंवा ग्रामपंचायतीची एखादी खोली, त्यात मोडीत निघालेले सहा डेस्कटॉप, लिनक्स, एक मोठा इन्व्हर्टर आणि एक इंटरनेट जोडणी एवढे झाले तर वीस-पंचवीस मुले पाळीपाळीने काम करू शकतील, आणि सुटे भाग एका यंत्रातून दुसऱ्यात घालता येतील. केरळमध्ये २००१ साली सुरू झालेल्या 'आयटी ॲट स्कूल' उपक्रमाने पुढे शाळांतील संगणक मुक्त प्रणालीवर नेले, आणि २०१८ पासून तेथील 'लिटल काइट्स' मंडळांतून विद्यार्थीच शाळेची यंत्रे सांभाळण्यास शिकत आहेत. आपल्याकडे शाळांना आलेले संगणक कित्येक ठिकाणी धूळ खात कपाटात बंद असतात, कारण ते बिघडले तर जबाबदारी कोणाची, या भीतीने ते उघडलेच जात नाहीत. तेव्हा ग्रामसभेत मागणी ठेवताना केवळ यंत्रे मागू नयेत. त्यांची नोंदवही, दुरुस्तीसाठी दरसाल तरतूद आणि खोली रात्री नऊपर्यंत उघडी ठेवण्याचा ठराव मागावा. त्या खोलीची एक किल्ली सरपंचाकडे असू द्यावी. दुसरी, तेथे शिकणाऱ्यांतील कोणा मुलीकडे असावी, कारण संध्याकाळी घरची कामे आटोपून येणाऱ्यांत मुलीच अधिक असतील, आणि खोलीला कुलूप दिसले तर त्या दुसऱ्या दिवशी येणार नाहीत.